बोटीत न बसता देवमासा बघायचा असेल तर: पॉइंट विसेंटेला कधी जावं, कसं बघावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. आई-बाबा डिसेंबरअखेर लॉस एंजेलिसला येणार आणि एप्रिलअखेरपर्यंत राहणार. बाबांना बोट लागते, त्यामुळे समुद्रात जाऊन देवमासे बघणं बाद. सात वर्षांच्या मुलीला मात्र देवमासा बघायचाच आहे. पॅलोस व्हर्डीस द्वीपकल्पाच्या कड्यावर पॉइंट विसेंटे इंटरप्रिटिव्ह सेंटर, म्हणजे निसर्गाची माहिती देणारं केंद्र आहे, तिथून दिसतात असं तुम्ही ऐकलंत. पण तुमच्या ओळखीचं एक कुटुंब नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत दुपारी तीनला तिथे गेलं, तासभर नुसता समुद्र बघितला आणि वैतागून परत आलं. तर जावं का, कधी जावं, दुर्बीण लागेल का, आणि दिसण्याची खात्री किती?

मी हिवाळा-वसंतात या कड्यावर देवमाशांच्या मोजणीला स्वयंसेवक म्हणून बसते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंय 'दिसेल का'. पण माझ्या अनुभवात अडचण बहुतेक वेळा देवमासा नसण्याची नसते. हंगामात या कड्यासमोरून देवमासे जातातच. दोन किलोमीटरवर जनावर श्वास घेत असतं, आम्ही वहीत नोंद करत असतो, आणि शेजारच्या कठड्याशी उभी असलेली मंडळी 'आज काही नाही' म्हणत गाडीकडे वळतात. हे मी फार वेळा पाहिलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं. ती मंडळी पाण्यातून उसळी मारणारं प्रचंड धूड शोधत असतात. समुद्रावर प्रत्यक्षात दिसतो तो एक धुरकट पांढरा झुबका. दोन-तीन सेकंद टिकतो आणि विरतो. तो श्वासाचा फवारा ओळखता आला की पुढचं सगळं दिसायला लागतं. म्हणून मी तर म्हणेन, जा नक्की, पण फवारा शोधायला जा. आणि त्यासाठी वेळ नीट निवडा.

आता तुमच्या परिचितांचं काय झालं असेल ते बघू. इथून मुख्यतः जातात ते ग्रे व्हेल, म्हणजे करडे देवमासे. उन्हाळ्यात ते अलास्काच्या पलीकडे बेरिंग आणि चुक्ची समुद्रात तळाच्या चिखलातले बारीक जीव खाऊन चरबी साठवतात. थंडी सुरू झाली की दक्षिणेकडे निघतात आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या उथळ, कोमट खाजणांमध्ये पोहोचतात. ओहो दे लिएब्रे, सान इग्नासिओ, माग्दालेना ही त्यातली मुख्य. तिथे पिल्लं जन्मतात, आणि मग सगळे उत्तरेला परत फिरतात. जाऊन-येऊन १६ ते २० हजार किलोमीटरचा प्रवास होतो. नोव्हेंबरच्या शेवटी या ओघाचं तोंडसुद्धा दक्षिण कॅलिफोर्नियापर्यंत नीट पोहोचलेलं नसतं. मोजणीसुद्धा १ डिसेंबरला सुरू होते आणि मे महिन्याच्या शेवटाकडे संपते. म्हणजे ते कुटुंब हंगामाआधी गेलं.

दुसरी गोष्ट, दुपारी तीनची वेळ. हा कडा पश्चिम-नैर्ऋत्येला तोंड करून आहे. नोव्हेंबरात तीन वाजता सूर्य बरोबर समोर, पाण्याच्या जवळ उतरलेला असतो. सगळा समुद्र चांदीच्या पत्र्यासारखा चकाकतो आणि त्यात फवारा शोधणं आमच्यातल्या मुरलेल्या लोकांनाही जड जातं. त्यात दुपारी वारा उठतो, लाटांवर पांढरे तुरे येतात, आणि लांबून प्रत्येक तुरा फवाराच वाटतो. सकाळी उलट परिस्थिती असते. ऊन डाव्या खांद्याच्या मागून येतं, वारा पडलेला असतो. जानेवारीत देवमासे उजवीकडून, म्हणजे उत्तरेकडून येतात आणि नेमकी तीच बाजू सकाळी चांगली उजळलेली असते. त्यामुळे शक्य तितक्या लवकर पोहोचा आणि साडेअकरा-बारापर्यंत बघा. केंद्राची इमारत आणि बाहेरचा परिसर यांच्या वेळा निघण्याआधी रँचो पॅलोस व्हर्डीस शहराच्या संकेतस्थळावर बघून घ्या. केंद्र त्या शहराचंच आहे, प्रवेशाला पैसे लागत नाहीत.

आता महिना. तुमचे आई-बाबा चार महिने इथे आहेत, ही तुमची सर्वात जमेची बाजू. मी तुमच्या जागी असते तर दोन फेऱ्या ठरवल्या असत्या.

पहिली जानेवारीच्या मध्यावर. दक्षिणेला जाणाऱ्यांचा भर तेव्हा असतो. गाभण माद्या सर्वात पुढे असतात, त्यांना खाजण गाठायचं असतं. मागून नर आणि बाकीचे. वाटेत ते जवळजवळ खात नाहीत, थांबत नाहीत, एका चालीने पोहत राहतात. म्हणून जानेवारीत संख्या चांगली असते, पण जो दिसेल तो मुकाट्याने निघून जातो. एक अडचणही आहे. दक्षिणेला जाताना बरेच देवमासे इथल्या किनाऱ्यासमोरच्या चॅनल बेटांच्या बाहेरून, किनाऱ्यापासून दूर जातात. ते कड्यावरून दिसत नाहीत. आपल्या वाट्याला येतात ते आतल्या बाजूने, पॅलोस व्हर्डीसच्या टोकाला वळसा घालून जाणारे.

दुसरी फेरी एप्रिलमध्ये, आई-बाबांच्या परतीच्या आधी. फेब्रुवारीच्या मध्यापासून उत्तरेकडचा परतीचा प्रवास सुरू होतो आणि शेवटी निघतात त्या पिल्लांबरोबरच्या आया. त्यांचा भर एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत. या जोड्या किनारा सोडत नाहीत, कारण खुल्या पाण्यात ओर्कांची, म्हणजे काळ्या-पांढऱ्या 'किलर व्हेल'ची, भीती असते. ओर्का पिल्लांवरच टपून असतात. त्यामुळे आई पिल्लाला घेऊन केल्पच्या, म्हणजे त्या उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाच्या, काठाकाठाने येते. कधी कधी अगदी कड्याखालून. वरून बघताना पाणी स्वच्छ असेल तर आईची राखाडी, पांढऱ्या डागांनी भरलेली पाठ पाण्याखालूनसुद्धा दिसते. आधी तिचा मोठा फवारा, आणि तिच्या कुशीला चिकटून लगेच एक छोटा, घाईचा फवारा. पिल्लाला आईपेक्षा जास्त वेळा वर यावं लागतं. जन्मताना ते साडेचार मीटरच्या आसपास असतं आणि इथून जाताना दोन-तीन महिन्यांचं झालेलं असतं. मुलीला काय आवडेल असं विचाराल तर माझं उत्तर हेच. पण एप्रिल-मे मध्ये सकाळी धुकं बसण्याची शक्यता जास्त, हेही खरं. धुकं असेल तर ते उठेपर्यंत आतलं प्रदर्शन बघून घ्या. करड्या देवमाशाचा प्रवास आणि या द्वीपकल्पाचा निसर्ग व इतिहास यांवर ते आहे. मुलांना त्यात अर्धा-पाऊण तास मजेत जातो.

खात्रीबद्दल सांगायचं तर खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि अलीकडच्या काळात तर मुळीच नाही. ग्रे व्हेलची संख्या घसरली आहे. अमेरिकेच्या सागरी संशोधन खात्याच्या अंदाजानुसार २०१६ च्या सुमारास प्रशांत महासागराच्या या पूर्व बाजूला सुमारे २७,००० ग्रे व्हेल होते. २०१९ पासून किनाऱ्यांवर मेलेले, हाडं दिसणारे देवमासे मोठ्या प्रमाणावर लागायला लागले. उत्तरेच्या समुद्रात त्यांचं खाणं कमी झालं हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं, आणि तिथल्या बर्फाशी आणि तळाशी त्याचा संबंध आहे. २०२५ च्या हिवाळ्यातल्या मोजणीत अंदाज सुमारे १३,००० वर आला, आणि त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांचा अंदाज अवघा ८५ च्या आसपास. आम्ही कड्यावर बसणारे लोक हे आकड्यांच्या आधी डोळ्यांनी बघत होतो. पूर्वी जानेवारीतल्या बऱ्या दिवशी संख्या सहज दोन आकडी व्हायची. आता चार-पाचवर थांबणारे दिवसही येतात. एप्रिलमध्ये आई-पिल्लाची जोडी दिसली तर तो दिवस आम्हाला फार मोठा वाटतो. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. दोन तास देण्याची तयारी का हवी, ते यातून कळावं.

तर वेळेचा हिशेब. अर्ध्या तासाची धावती भेट बाद करा. दोन तास, जमलं तर तीन. मध्ये अर्धा तास काहीच न दिसणं अगदी नेहमीचं आहे. आणि मग एकदम तीन फवारे ओळीने.

दिवस निवडताना मी तीन गोष्टी बघते. एक, वारा. अंदाजात वाऱ्याचा वेग सकाळी ताशी दहा मैलांच्या आत असेल तर उत्तम. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मोजपट्टीवर ३ ला पांढरे तुरे तुरळक असतात, ४ ला, म्हणजे ताशी १३ ते १८ मैलांना, ते सगळीकडे पसरतात. नवख्या डोळ्यांसाठी ४ चा दिवस सोडून दिलेला बरा. दोन, हवा किती स्वच्छ आहे. कड्यावर पोहोचल्यावर डावीकडे कॅटालिना बेटाच्या डोंगररेषा नीट उठून दिसत असतील तर हवा छान आहे. हिवाळ्यात वाळवंटाकडून सांता आना वारे येऊन गेले की अशी हवा मिळते. तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. देवमासे-डॉल्फिनसाठी काम करणाऱ्या अमेरिकन सिटेशियन सोसायटीच्या लॉस एंजेलिस शाखेतर्फे ही मोजणी १९८४ पासून याच कड्यावर चालते, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. संस्था रोजचे आकडे जाहीर करते. निघण्याआधी मागच्या तीन-चार दिवसांचे बघा. ओघ सुरू असेल तर एकाच दिवसात तो आटत नाही.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. सर्वात जास्त मजकूर मला इथेच लिहायचा आहे.

कड्याची उंची हे तुमचं मोठं हत्यार. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत उभं राहिलं तर क्षितिज पाच किलोमीटरच्याही आत असतं. या कड्यावर, पाण्यापासून साधारण ३५-४० मीटर उंचीवर, ते बावीस किलोमीटरच्या आसपास जातं. शिवाय वरून बघताना लाटांच्या मागे जनावर लपत नाही. म्हणून इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत, कठड्याजवळ पण लोकांच्या वाटेत नाही अशी जागा धरा आणि तिथेच राहा. जागा बदलत फिरलात की नजर बसत नाही.

आधी दुर्बीण लावू नका. साध्या डोळ्यांनी उजवीकडून डावीकडे पाण्याचा पट्टा संथपणे चाळा. क्षितिजाच्या जरा खालचा भाग, मग मधला, मग केल्पची कड. एका बाजूकडून दुसरीकडे जायला दीड-दोन मिनिटं लागली पाहिजेत, त्याहून घाई नको. ग्रे व्हेलचा फवारा तीन ते साडेचार मीटर उंच जातो. तीन किलोमीटरवरचा चार मीटरचा फवारा डोळ्याला पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण सातव्या भागाएवढा दिसतो. एवढाच. ही कल्पना आधीच मनात असली की डोळे योग्य आकाराची वस्तू शोधतात.

फवारा आणि लाटेचा तुरा यांतला फरक असा. तुरा आडवा फुटतो, पसरतो आणि जागच्या जागी मावळतो. फवारा उभा वर येतो, क्षणभर तसाच राहतो आणि मग वाऱ्याच्या दिशेने कलत विरतो. ग्रे व्हेल अगदी समोरून किंवा मागून दिसला तर फवाऱ्याचा आकार पत्त्यांतल्या बदामासारखा दिसतो, मधे खाच असलेला, कारण नाकपुड्या दोन असतात. बाजूने मात्र तो साधा, गुबगुबीत झुबका असतो. खूप उंच, खांबासारखा सरळ फवारा दिसला तर थांबा. तो फिन व्हेल, म्हणजे देवमाशाची दुसरी, मोठी जात असू शकते. आणि तुम्ही उन्हाळ्यात आला असतात तर ब्ल्यू व्हेलसुद्धा, ज्याचा फवारा नऊ मीटरपर्यंत जातो.

पहिला फवारा दिसला की ओरडायच्या आधी एक काम करा. त्या जागेच्या सरळ वर किंवा खाली एखादी खूण पकडा. बोट, बेटाचं टोक, केल्पचा गडद डाग, काहीही. आणि इतरांना सांगताना 'तिकडे, तिकडे' म्हणू नका. सरळ समोर म्हणजे बारा वाजले असं धरून 'दोन वाजताच्या दिशेला, त्या पांढऱ्या बोटीच्या खाली' असं सांगा. बाबांची आणि मुलीची नजर लगेच तिथे जाईल.

आता श्वासांची लय. वाटचाल करणारा ग्रे व्हेल साधारण तीन ते पाच वेळा श्वास घेतो, प्रत्येकात पंधरा-तीस सेकंदांचं अंतर. शेवटच्या श्वासानंतर पाठ जास्त वाकते. या देवमाशाला पाठीवर पंख नसतो. एक बुटकं उंचवट्यासारखं असतं आणि त्यामागे शेपटीपर्यंत मणक्यांसारख्या गाठींची रांग. त्या गाठी एकामागून एक पाण्याबाहेर सरकताना दिसल्या की समजा आता शेपूट वर येणार. मोबाइलवर फोटो घ्यायचा असेल तर तोच क्षण. शेपूट उभी राहते, पाणी निथळतं आणि जनावर खाली जातं. आता तीन ते पाच मिनिटं वाट.

नवखे लोक इथेच देवमासा हरवतात. ते बुडी मारलेल्या जागेकडेच बघत राहतात. तो मात्र ताशी आठ किलोमीटरच्या आसपास चालीने पुढे गेलेला असतो, म्हणजे चार मिनिटांत अर्धा किलोमीटर. हात लांब करून मूठ धरा. मुठीची रुंदी डोळ्याला साधारण दहा अंश भरते. देवमासा तीन किलोमीटरवर असेल तर पुढचा फवारा सुमारे एक मूठ पुढे येईल, दीड किलोमीटरवर असेल तर जवळजवळ दोन मुठी. जानेवारीत डावीकडे, एप्रिलमध्ये उजवीकडे. साध्या दुर्बिणीत दिसणारा पट्टा सात-आठ अंशांचाच असतो. म्हणजे दुर्बीण जुन्या जागी रोखून बसलात तर तो नक्कीच चौकटीबाहेर वर येणार. दुर्बीण खाली ठेवा, डोळे पुढे सरकवा, फवारा दिसला की मग परत लावा. हे एकदा जमलं की त्याच देवमाशाला तुम्ही अर्धा-पाऊण तास सोबत करू शकता. मला कड्यावरून बघण्यातलं खरं सुख यातच वाटतं. कुणाच्याही वाटेत न येता त्याची पूर्ण चाल बघता येते.

पाण्यावर गोल, तेल सांडल्यासारखा गुळगुळीत डाग दिसला तर तोही लक्षात घ्या. शेपटीच्या फटक्याने वर ढकललेल्या पाण्यामुळे तो बनतो. असे डाग ओळीने दिसले तर देवमासा पृष्ठभागाच्या जरा खालून चालला आहे, आणि कुठल्या दिशेने तेही कळतं.

दुर्बिणीबद्दल. ७ किंवा ८ पट मोठं दाखवणारी घ्या, ७x५० किंवा ८x४२ असं लिहिलेली. १० पटीची हातात थरथरते आणि पट्टाही लहान होतो, आई-बाबांना तर ती मुळीच देऊ नका. नवीन घ्यायची गरज नाही, ओळखीत कुणाकडे तरी असते. बाबांना चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप दुमडून किंवा फिरवून खाली करा आणि चष्म्यावरूनच बघू द्या. हे न केल्यामुळे कित्येक ज्येष्ठांना नुसता काळा गोल दिसतो आणि ते संकोचाने 'हो हो, दिसला' म्हणतात. सकाळी आल्या आल्या दीपगृहावर दुर्बीण रोखून दोघांनाही ती नीट जुळवून द्या. तिथलं पॉइंट विसेंटेचं दीपगृह १९२६ चं आहे, जवळच आहे आणि हलत नाही. पाण्याची चमक मारणारा पोलराइज्ड गॉगल असेल तर आणा, एप्रिलमध्ये कड्याखाली बघताना फार उपयोगी पडतो.

आई-बाबांसाठी बाकी काळजी साधीच. लॉस एंजेलिस म्हटल्यावर लोक पातळ कपड्यांत येतात, पण कड्यावर सकाळी वारा बोचतो आणि दोन तास एका जागी बसून अंग गारठतं. कानटोपी, जाकीट, पाठ टेकता येईल अशी घडीची खुर्ची, आणि थर्मासमध्ये चहा. कडा खरा कडा आहे, कठड्याबाहेर मुलीला जाऊ देऊ नका.

मुलीला नुसतं 'बघ' सांगू नका, काम द्या. दोन फवाऱ्यांमधले सेकंद मोजायचे आणि कागदावर लिहायचे. बुडी किती मिनिटांची, ते घड्याळात बघायचं. मधल्या रिकाम्या वेळात रांगेने उडणारे पेलिकन, डॉल्फिनच्या कळपाने फेसाळलेलं पाणी, शेवाळात लोळणारे सील-सी लायन, हेही लिहायचं. डॉल्फिन तर या कड्यासमोर वर्षभर येतात. सात वर्षांच्या मुलांचे डोळे तीक्ष्ण असतात. एकदा फवारा कळला की बऱ्याच वेळा आमच्याआधी तीच दाखवतात.

आणि मोजणीवाल्यांशी बोला. मोकळ्या जागेत दुर्बिणी, वह्या घेऊन ओळीने बसलेली मंडळी दिसतील. लोकांना वाटतं त्यांना त्रास होईल. एखाद्या देवमाशाची नोंद सुरू असेल तर दोन मिनिटं थांबा, पण एरवी 'आज काय दिसलं?' विचारलेलं त्यांना आवडतंच. त्यांच्या फळ्यावर त्या दिवसाचे आणि हंगामाचे आकडे लिहिलेले असतात. पोहोचल्यावर पहिलं काम तेच करा. 'उत्तरेकडून एक जोडी येतेय, वीस मिनिटांत समोर येईल' असं उत्तर मिळालं तर तुमची सकाळ तिथेच सुरू झाली.

शेवटी बोटीचं. बाबांना बोट लागते म्हणून आपण कमी दर्जाचं काही बघतोय असं मनात आणू नका. अमेरिकेत बोटीतून ग्रे व्हेल दाखवायचा व्यवसाय १९५५ मध्ये सॅन डिएगोत सुरू झाला, तिकीट एक डॉलर. त्याच्या पाच वर्षं आधी, १९५० मध्ये, त्याच शहरात कॅब्रिओ राष्ट्रीय स्मारकाचा कडा देवमासे बघण्यासाठी जाहीर झाला होता आणि पहिल्याच वर्षी दहा हजार लोक तिथे आले. बोटीत जनावराचा आकार जवळून कळतो, हे कबूल. आई आणि मुलगी एखाद्या दिवशी बोटीने गेल्या तर चांगलंच, पण कड्यावरची फेरी आधी करा. फवारा ओळखायला शिकलेला माणूस बोटीतही जास्त बघतो. बोट निवडताना एवढंच बघा की चालक देवमाशापासून निदान शंभर यार्ड, म्हणजे नव्वद मीटरच्या आसपास अंतर ठेवतो आणि त्याच्या वाटेत आडवा जात नाही. आई-पिल्लाच्या जोडीला घेरणाऱ्या बोटी आम्हाला वरून स्पष्ट दिसतात. तेव्हा ती आई दिशा बदलते, बुडी लांबवते, आणि पिल्लाला तिच्यामागे धापा टाकत जावं लागतं. याच कारणाने कड्यावरून ड्रोनही उडवू नका, कुणी उडवत असेल तर केंद्रातल्या लोकांना सांगा.

जानेवारीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातली एक सकाळ आणि १५ एप्रिलनंतरची एक, एवढं आत्ता मोकळं ठेवा, आणि नेमका दिवस आदल्या दिवशी वारा बघून ठरवा. शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून आई-बाबांबरोबर कामाच्या दिवशी सुट्टी काढता आली तर बघा. पहिल्या फेरीनंतर मुलीने लिहिलेले सेकंद आणि मिनिटं इथे टाका, त्यावरून तो नुसता वाटचाल करत होता की आणखी काही करत होता, ते मी सांगू शकेन.